फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात शिकायला जाताना: एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विद्यार्थ्यासमोर येणारा रुग्ण बहुतेक वेळा अनेक गाळण्यांतून पुढे आलेला असतो. त्याला काय झाले असावे याचा पहिला अंदाज कोणीतरी आधीच बांधलेला असतो, काही तपासण्या झालेल्या असतात आणि तो मेडिसिनच्या वॉर्डात जाणार की सर्जरीच्या, हा प्रश्नही सुटलेला असतो. आरोग्यसेवेचे संशोधक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिका व ब्रिटनमधील माहितीवरून एक हिशेब मांडला होता. एक हजार प्रौढांपैकी महिन्याभरात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणे जाणवते, २५० जण डॉक्टरांकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले जाते आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत एकच जण पोहोचतो. आकडे परक्या देशांतले आणि जुने आहेत. पण आपल्याकडेही वैद्यकीय शिक्षण मुख्यतः त्या एका रुग्णाच्या खाटेजवळच होते, हे कोणीही शिक्षक मान्य करील.

बाकीचे रुग्ण भेटतात ते गल्लीतल्या दवाखान्यात. तिथे आजाराला अजून नाव मिळालेले नसते, ताप कालच आलेला असतो, आणि डॉक्टरांच्या हातात बहुधा स्टेथोस्कोप, रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर आणि त्या घराची वीस वर्षांची माहिती, एवढेच असते. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने कसे जावे, काय करावे आणि काय करू नये, हे महाराष्ट्रातील परिस्थिती समोर ठेवून पुढे सांगितले आहे.

संधी कोठे मिळते

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात खासगी फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी वेगळी, सक्तीची पाळी नाही. मात्र २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात 'इलेक्टिव्ह', म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायचे प्रशिक्षण, आले आहे, आणि महाविद्यालयाची तयारी असेल तर त्या काळात प्राथमिक आरोग्यसेवेचा अनुभव घेता येतो. इंटर्नशिपमध्ये, २०२१ च्या नियमांनुसार, कम्युनिटी मेडिसिनची (सामाजिक वैद्यकाची) १२ आठवड्यांची पाळी असते. ती ग्रामीण किंवा नागरी आरोग्य प्रशिक्षण केंद्रात होते आणि तिथली बाह्यरुग्ण सेवा दवाखान्याच्या कामाच्या बरीच जवळची असते. तिसरा मार्ग सुट्टीत स्वतःहून एखाद्या डॉक्टरांकडे बसण्याचा. तो सर्वांत जुना आहे, आणि माझ्या मते आजही सर्वांत फलदायी तोच आहे, कारण तिथे हजेरीसाठी कोणी जात नाही.

यांपैकी कोणत्याही मार्गाने गेलात तरी कायद्याची एक मर्यादा स्पष्ट लक्षात ठेवावी. विद्यार्थ्याला उपचार करण्याचा अधिकार नसतो. इंटर्नला राज्य वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी मिळते. परंतु ती इंटर्नशिपच्या मान्य संस्थेतील देखरेखीखालच्या कामापुरती असते, बाहेरच्या दवाखान्यात स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा तो परवाना नव्हे. त्यामुळे 'सर दोन दिवस बाहेरगावी आहेत, तेवढे तूच बघ' असे कोणी कितीही आपुलकीने सांगितले, तरी नम्रपणे नकार द्यावा.

दवाखाना निवडणे आणि परवानगी घेणे

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या, आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या आणि एकाच भागात दीर्घकाळ काम केलेल्या डॉक्टरांचा दवाखाना निवडावा. फार मोठी गर्दी ही चांगल्या प्रशिक्षणाची खूण नाही. ज्या डॉक्टरांना एका रुग्णासाठी दोन मिनिटेही मिळत नाहीत, ते विद्यार्थ्याशी कधी बोलणार? त्याउलट अगदी रिकाम्या दवाखान्यात बसून कंटाळा येतो. सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीस-पन्नास रुग्ण असतील आणि दुपारी डॉक्टर थोडा वेळ मोकळे असतील, तर ती जागा उत्तम समजावी.

आधी स्वतः भेटून विचारावे. फोनवर किंवा कोणाच्या तरी ओळखीने परस्पर ठरवू नये. महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाचे पत्र बरोबर न्यावे. त्या पत्रात विद्यार्थ्याचे वर्ष, प्रशिक्षणाचा कालावधी आणि विद्यार्थी केवळ देखरेखीखाली काम करील हा उल्लेख असावा. पहिल्या भेटीतच तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: दवाखान्याच्या कोणत्या वेळांना यायचे, रुग्णांशी स्वतंत्रपणे बोलण्याची मुभा कधीपासून मिळणार आणि शंका कधी विचारायच्या. आपल्याकडचे बहुतेक दवाखाने सकाळी दहाच्या सुमारास उघडून दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी सहा-सातपासून पुन्हा चालतात; दोन्ही वेळा केल्याशिवाय दवाखाना कळत नाही. सकाळी वृद्ध, गृहिणी आणि लहान मुले अधिक असतात. कामावरून परतलेला माणूस, ज्याचे दुखणे आठवडाभर अंगावर काढून झाले आहे, तो संध्याकाळीच येतो.

जाण्यापूर्वीची तयारी

हिपॅटायटिस बी लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस झालेले असावेत आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून घेतलेली असावी. १० मिलि-इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक पातळी संरक्षक मानली जाते. तिसरा डोस राहून गेलेले विद्यार्थी दर तुकडीत निघतात, म्हणून हे प्रथम लिहिले.

बरोबर स्वतःचा स्टेथोस्कोप, छोटी टॉर्च, मोजपट्टी, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि खिशात मावणारी वही ठेवावी. पांढरा अॅप्रन घालायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. सुई टोचणारा माणूस म्हणून अॅप्रनला पाहणारी लहान मुले दारातूनच रडू लागतात, त्यामुळे अनेक दवाखान्यांत तो टाळला जातो. नाव आणि 'वैद्यकीय विद्यार्थी' एवढे शब्द असलेली ठळक पट्टी मात्र छातीवर असावीच.

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे मराठी न येणारे सहाध्यायीही या लेखाच्या वाचकांना सांभाळून घ्यावे लागतील. मात्र मराठी घरात वाढलेल्यांनीही गाफील राहू नये. 'कसकस', 'कणकण', 'घेरी येणे', 'चमक निघणे', 'हातापायाला मुंग्या', 'लघवीला उन्हाळे लागणे', 'अंगावर पांढरे जाणे', 'अन्नावर वासना नसणे', 'जीव घाबरा होणे' हे रुग्णांचे शब्द इंग्रजी पुस्तकातल्या एखाद्या लक्षणाशी तंतोतंत जुळत नाहीत. 'चक्कर येते' म्हणणाऱ्याला खोली फिरल्यासारखी वाटते, डोळ्यांपुढे अंधारी येते की चालताना तोल जातो, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'गॅस झाला आहे' या तक्रारीकडे तर विशेष लक्ष द्यावे. पोटाच्या वरच्या भागात भरून येणे, घाम आणि अस्वस्थता घेऊन आलेला मधुमेही किंवा पन्नाशीतला माणूस स्वतःचे निदान 'गॅस' असेच सांगतो, आणि त्याचा ईसीजी काढेपर्यंत ते निदान आपण स्वीकारायचे नसते.

पहिला दिवस: डॉक्टरांच्या खोलीबाहेर

पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या शेजारची खुर्ची पकडण्याची घाई करू नये. निदान अर्धी पाळी बाहेर, नंबर लावणाऱ्या ताईंजवळ किंवा कंपाउंडरजवळ बसावे. कोणाला आधी आत सोडावे, हा निर्णय तिथे रोज घेतला जातो. धाप लागलेले आजोबा, आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेले मूल, छातीवर हात धरून बसलेला माणूस यांना रांग मोडून आत पाठवणारी व्यक्ती बहुधा वैद्यकीय शिक्षण न घेतलेलीच असते, आणि तिची नजर अनेकदा अचूक असते. केसपेपर कसे ठेवले आहेत, जुना रुग्ण नावावरून सापडतो की कुटुंबाच्या क्रमांकावरून, तपासणीचे रिपोर्ट कोठे लावतात, हेही इथेच समजते. कर्मचाऱ्यांना त्यांच्या दवाखान्यात ज्या नावाने हाक मारतात त्याच आदराने हाक मारावी. प्रशिक्षणाच्या काळात सर्वाधिक मदत त्यांचीच होते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे डबेही याच दिवशी पाहून घ्यावेत. २०१६ च्या नियमांनुसार रक्त लागलेला कापूस व ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्यांसारखे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळी खूण असलेल्या खोक्यात जाते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये. तरीही सुई टोचली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, पिळू नये, बोट तोंडात घालू नये आणि तत्काळ डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषध शक्य तो दोन तासांच्या आत सुरू व्हावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही, आणि ते २८ दिवस घ्यावे लागते. हे औषध कोठे मिळते, म्हणजे जवळचे शासकीय रुग्णालय किंवा एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्र कोणते, ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. टोचल्यानंतर शोधत बसण्यात ते दोन तास निघून जातात.

पहिला आठवडा: ऐकणे

डॉक्टरांच्या खोलीत अशा जागी बसावे की रुग्ण आणि डॉक्टर एकमेकांकडे पाहू शकतील आणि विद्यार्थी दोघांच्या मध्ये येणार नाही. या आठवड्यात विद्यार्थ्याने फारसे बोलायचे नसते, परंतु रिकामे बसायचेही नसते. प्रत्येक रुग्णासाठी वहीत दोन ओळी लिहाव्यात: रुग्णाने आल्याबरोबर सांगितलेली तक्रार, आणि तो खरोखर कशासाठी आला होता. या दोन ओळी जिथे वेगळ्या निघतील, तिथेच शिकण्यासारखे सर्वाधिक असते. 'जरा अशक्तपणा आहे, टॉनिक द्या' म्हणणाऱ्या बाईंची पाळी सहा महिन्यांपासून अंगावरून जास्त जात असते. खोकल्यासाठी आलेल्या गृहस्थांना शेजाऱ्याला क्षयरोग निघाल्याची धास्ती असते. दाराच्या मुठीवर हात ठेवून 'जाता जाता एक विचारू का, डॉक्टर?' असे म्हणणाऱ्या रुग्णाचे पुढचे वाक्य कधीही चुकवू नये.

रुग्णाच्या संमतीचा प्रश्नही इथेच येतो. आत आलेल्या रुग्णासमोर 'हे आमचे विद्यार्थी, बसले तर चालेल ना?' असे डॉक्टर विचारतात तेव्हा नाही म्हणण्याची हिंमत फार थोड्यांना होते. म्हणून हा प्रश्न बाहेर, नंबर लावतानाच विचारला जावा, अशी विनंती विद्यार्थ्याने स्वतः करावी. कोणी नको म्हटले, तर काहीही न विचारता उठून बाहेर जावे. काही वेळा रुग्ण बोलता बोलता थांबतो आणि विद्यार्थ्याकडे एकदा पाहतो. अशा वेळी कोणी सांगण्याची वाट न पाहता बाहेर पडणे हेच योग्य.

दुसऱ्या आठवड्यापासून: स्वतः बोलणे

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वेगळ्या कोपऱ्यात किंवा पडद्याआड रुग्णाची हकीकत घ्यायला सुरुवात करावी. आधी स्वतःचे नाव सांगावे, आपण विद्यार्थी आहोत हे सांगावे, आणि त्यानंतर रुग्णाचे नाव विचारावे. आजी, काका, ताई ही संबोधने आपल्याकडे स्वाभाविक आहेत. पण केवळ केस पांढरे आहेत म्हणून साठीच्या प्राध्यापिकेला 'आजी' म्हटल्यास संवाद तिथेच अडतो. वय काहीही असो, 'तुम्ही' सोडू नये. बांधकामावरून मातीच्या कपड्यांत आलेल्या तरुणालाही 'तुम्ही'च म्हणावे. विद्यार्थ्यांची जीभ इथे जितकी घसरते तितकी ती प्राध्यापिकेसमोर घसरत नाही.

पहिला प्रश्न खुला ठेवावा आणि मग शांत राहावे. रुग्णाला न तोडता बोलू दिले तर बहुतेक जण मिनिट-दोन मिनिटांत थांबतात. त्यानंतर तीन गोष्टी जाणून घ्याव्यात: हे कशामुळे झाले असे त्यांना वाटते, त्यांना कशाची भीती आहे आणि डॉक्टरांनी काय करावे अशी त्यांची अपेक्षा आहे. वॉर्डातील हकीकतीच्या साच्यात या प्रश्नांना जागा नसते, म्हणून ते विसरले जातात. मात्र 'तुमची अपेक्षा काय आहे?' असे कोरडेपणाने विचारले, तर रुग्ण 'ते तुम्हीच सांगायचे ना!' असे उत्तर देतो. त्याऐवजी 'घरी याबद्दल काय बोलणे झाले?' असे विचारून पाहावे. आपल्याकडे आजाराचा निर्णय अनेकदा घरात होतो, आणि सासूबाई, मुलगा किंवा शेजारचे कोणी काय म्हणाले, यातूनच भीती आणि अपेक्षा दोन्ही बाहेर येतात.

सवयींबद्दल विचारतानाही असेच नेमके व्हावे लागते. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला अनेक स्त्रिया प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्या मिश्री लावतात, आणि मिश्री म्हणजे तंबाखू असे त्यांच्या मनातही नसते. 'दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?' असे विचारले तर उत्तर मिळते. औषधांबाबत 'कोणती औषधे चालू आहेत?' एवढ्यावर न थांबता पिशवी दाखवायला सांगावे. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, काढे आणि नातेवाइकांनी दिलेल्या गोळ्या त्या पिशवीत निघतात.

तपासणी

दवाखान्यात संपूर्ण तपासणीसाठी वेळ नसतो. जे तपासायचे ते नीट तपासावे लागते. रक्तदाब मोजताना रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला असावा, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, आणि अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी. धावतपळत जिना चढून आलेल्या माणसाचा दाब लगेच मोजून त्याला आयुष्यभराची गोळी लावली जाऊ नये, यासाठी विद्यार्थ्याचा मोकळा वेळ फार उपयोगी पडतो. बाहेरच्या बाकावर दाब पुन्हा मोजण्याचे काम आपण होऊन मागून घ्यावे.

खोकल्याने आजारी असलेल्या मुलाचे श्वास, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वसन. मूल पीत नाही, प्यायलेले सगळे उलटून पडते, झटके आले किंवा ते सुस्त पडून आहे, यांपैकी काहीही आढळले तर हकीकत अर्धवट टाकून डॉक्टरांना बोलवावे. प्रत्येक मुलाचे वजन करावे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. पॅरासिटामॉलचे पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते. घरात आधीपासून असलेली बाटली पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमची आहे की २५० ची, हे पाहिल्याशिवाय 'एक चमचा द्या' हा सल्ला अर्थहीन ठरतो.

स्त्री रुग्णाची तपासणी स्त्री कर्मचाऱ्याच्या उपस्थितीतच करावी, आणि विद्यार्थिनींनीही पुरुष रुग्णाच्या नाजूक भागांच्या तपासणीबाबत हाच नियम पाळावा. गुप्तांगांची तपासणी डॉक्टर समोर नसताना कोणत्याही विद्यार्थ्याने करू नये.

डॉक्टरांना रुग्ण सांगणे

वॉर्डातील दहा मिनिटांचे सादरीकरण इथे चालत नाही. एका मिनिटात रुग्ण कोण, तक्रार काय आणि किती दिवसांची, तपासणीत काय आढळले, हे सांगून लगेच स्वतःचे मत मांडावे: 'मला अमुक वाटते, तमुक नसावे, पण याची खात्री होत नाही.' मत चुकले तर बिघडत नाही. मत न मांडता 'सर, काय असेल?' असे विचारणाऱ्याला डॉक्टर उत्तर देतात आणि शिकणे तिथेच संपते. रुग्णासमोर वाद घालू नये, आणि डॉक्टरांचा निर्णय पुस्तकाहून वेगळा वाटला तर तो वहीत लिहून दुपारी विचारावा. काही वेळा पुस्तक बरोबर असेल. काही वेळा डॉक्टरांना त्या घराबद्दल असे काही माहीत असेल जे केसपेपरवर नाही.

वाट पाहणे हाही उपचार

रुग्णालयातून आलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाते ते निदानाविना रुग्णाला घरी पाठवणे. पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, दवाखान्यात येणाऱ्या तापाच्या रुग्णांकडे पाहिले तर याची कल्पना येते. पहिल्या दिवशीच्या तापाला फ्लू, डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि टायफॉइड हे सगळे सारखेच दिसतात. इथे निदानापेक्षा आधी तापाचा दिवस मोजायला शिकावे. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस-१ ही रक्ततपासणी साधारण पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते, प्रतिपिंडांची आयजीएम तपासणी त्यानंतर. आणि धोक्याचा काळ अनेकदा ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो, जेव्हा घरचे निश्चिंत होतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, गळून जाणे ही लक्षणे त्यांना आधीच सांगून ठेवावी लागतात. आयबुप्रोफेन व अॅस्पिरिन घेऊ नका, हेही सांगावे लागते. साचलेल्या पाण्यातून चालत गेला होतात का, हा प्रश्न २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत पसरलेल्या लेप्टोच्या साथीने डॉक्टरांना शिकवला. कोकणात भातलावणीच्या दिवसांतही तो विचारलाच पाहिजे.

म्हणून रुग्णाला घरी पाठवताना तीन वाक्ये पूर्ण झाली की नाही, हे विद्यार्थ्याने पाहावे: हे दुखणे साधारण किती दिवस चालेल, कोणती लक्षणे दिसल्यास थांबायचे नाही, आणि तसे झाल्यास रात्री-बेरात्री कोठे जायचे. 'काही वाटले तर या' हे सांगणे नव्हे. समजावून झाल्यावर रुग्णाकडून ते त्यांच्या शब्दांत परत वदवून घ्यावे. 'आता घरी गेल्यावर काय सांगाल?' असे विचारले की परीक्षा घेतल्यासारखे वाटत नाही. डॉक्टरांची संमती असेल तर अशा रुग्णांची यादी ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्याच फोनवरून चौकशी करावी. रुग्णालयात रुग्ण घरी गेला की विद्यार्थ्याच्या दृष्टीने गोष्ट संपते; इथे तोच रुग्ण तीनदा भेटतो, आणि पहिल्या दिवशीचा आपला अंदाज कितपत खरा होता हे कळते.

एकाच भागातील रुग्णांच्या अशा नोंदींचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला.

औषधे, सुई आणि पैसे

'सुई द्या' आणि 'सलाइन लावा' या मागण्या रोज ऐकू येतील. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नये; रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला उद्या कामावर उभे राहायचे असते, आणि सुईने लवकर बरे वाटते हा त्याचा अनुभव डॉक्टरांनीच घडवलेला आहे. डॉक्टर नकार कसा देतात, किंवा का देत नाहीत, हे पाहावे. सर्दी-पडशात प्रतिजैविक देण्याचा मोह दोन्ही बाजूंना असतो, आणि या विषयावर मत बनवण्याआधी एक संपूर्ण संध्याकाळ दवाखान्यात काढावी, असे मी सुचवीन.

औषधाच्या चिठ्ठीवर सही डॉक्टरांचीच असावी. विद्यार्थ्याने लिहून दिलेली चिठ्ठी डॉक्टरांनी वाचल्याशिवाय रुग्णाच्या हाती जाऊ नये, आणि आजारपणाचा दाखला तर विद्यार्थ्याने लिहायलाच घेऊ नये. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार औषधांची जनेरिक नावे वाचता येतील अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायची असतात. विद्यार्थ्याला ही सवय आत्ताच लावून घेता येते. लिहिलेल्या औषधांची एकूण किंमत किती होते, हे शेजारच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या महिन्यातून वीसच दिवस घेणाऱ्या रुग्णाचे कारण बहुधा तिथे कळते.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दुपारी येतात. ते विद्यार्थ्यालाही पेन, वही, नमुने देऊ करतील, घेऊ नये. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेणे आणि देणे त्याच आचारनियमांनी निषिद्ध आहे. पुढे पाठवताना दिलेल्या चिठ्ठीत रुग्णाची तक्रार, तपासणीतील निष्कर्ष, दिलेली औषधे आणि नेमका प्रश्न लिहावा. अशा चिठ्ठीचा मसुदा करण्याचे काम विद्यार्थ्याने आवर्जून मागावे.

गुप्तता

गाव लहान असो वा सोसायटी, दवाखान्यात आलेल्या माणसाची बहीण मेसमधल्या मित्राच्या वर्गात असू शकते. नाव न घेता सांगितलेली गोष्टही ओळखली जाते. रुग्णाचा, रिपोर्टचा किंवा पुरळाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नये, आणि 'केस मस्त आहे' म्हणून मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे तर सर्वथा चूक. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याने बंधन आहे. अठरा वर्षांखालील मुलीने किंवा मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितले, तर 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नये. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे, म्हणून लगेच आणि एकांतात डॉक्टरांना सांगावे. क्षयरोगाचा रुग्ण खासगी दवाखान्यात सापडला तरी शासनाला कळवणे २०१२ पासून सक्तीचे आहे. शासनाच्या 'निक्षय' या ऑनलाइन प्रणालीवर ही नोंद कशी होते, ते एकदा शेजारी बसून पाहावे.

घरभेट

डॉक्टर घरी रुग्ण पाहायला जात असतील तर बरोबर नेण्याची विनंती करावी. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना गावात राहायला नेण्याची प्रथा आहे. इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांना परक्या घरात शिरताना अवघडल्यासारखे होते. चप्पल बाहेर काढावी, बसायला सांगेपर्यंत उभे राहावे, चहा दिला तर डॉक्टरांचे पाहून घ्यावा. अर्धांगवायू झालेल्या रुग्णाची खाट संडासापासून किती दूर आहे, रात्री त्यांना उठवते कोण, इन्सुलिन ठेवायला फ्रिज आहे का, गोळ्या कोणाच्या ताब्यात असतात, हे पाहिल्यावर केसपेपरवरच्या अनेक सूचना का पाळल्या जात नाहीत हे कळते. त्या घरात पाहिलेल्या अडचणीवर उपाय सुचवण्याची घाई मात्र करू नये. सून समोर असताना 'यांच्याकडे नीट लक्ष दिले जात नाही' असे बोलून बसलेला विद्यार्थी डॉक्टरांचे अनेक वर्षांचे संबंध एका वाक्यात बिघडवू शकतो.

शेवटचा आठवडा

आपण स्वतः हकीकत घेतलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे रिपोर्ट यायचे आहेत, ज्यांना पुढे पाठवले आहे किंवा ज्यांना फेरतपासणीला बोलावले आहे, त्यांची यादी करून ती डॉक्टरांच्या हवाली करावी. ती स्वतःजवळ ठेवू नये. वहीत नावे असतील तर ती खोडावीत. लॉगबुकवर सही घेण्याआधी दहा मिनिटे मागून घ्यावीत आणि 'मी रुग्णांशी बोलताना कोठे कमी पडतो?' असा थेट प्रश्न विचारावा. 'सगळे चांगले आहे' असे उत्तर आले, तर एखाद्या विशिष्ट रुग्णाचे उदाहरण देऊन पुन्हा विचारावे. हाच प्रश्न नंबर लावणाऱ्या ताईंनाही विचारावा. विद्यार्थ्याशी बोलून बाहेर आलेल्या रुग्णांचे शेरे त्यांच्याच कानांवर पडलेले असतात.